पाबळहून आलेला होकार

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाला दर वर्षी एक स्मरणिका निघते. मागच्या स्मरणिकेत माझ्या नावानं एक अनुभव छापून आला. त्यात म्हटलंय, की भैरवनाथांनी मला पहाटे दृष्टांत दिला, 'तुझ्या भावाला त्याच्या पायांवर उभं कर'. म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला, दोन्ही पायांनी अधू असलेल्या दत्ताला, काम शिकायला पाठवलं आणि पुढे यवतला विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान काढून दिलं. आज त्या दुकानात त्याच्यासारखीच आणखी माणसं काम करून मानानं जगतात, ही सगळी नाथांची कृपा. लोकांना हा अनुभव फार भावला. देवळात माझा सत्कार झाला, बायका येऊन पाया पडल्या. मी खुर्चीत बसून डाव्या हातानं आशीर्वाद देत होतो. उजवा हात तोवर लकव्यानं गेलेला होता.

दृष्टांत मला कधी झाला नाही. दत्ताला मी काम शिकायला पाठवलं नाही. त्याला शिकवणारा माणूस आपण होऊन आमच्या दारात आला होता. त्याला मी परत लावलं आणि दत्ताला सांगितलं, की त्यांनीच तुला नाकारलं. हे खोटं मी जवळजवळ चाळीस वर्षं सांभाळलं. आता अठ्ठ्याहत्तरावं सरलं आहे. डाव्या हातानं एक पान लिहायला दोन दिवस लागतात, तरी दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं नाही. दुसऱ्याच्या हातात दिलं की काय होतं ते स्मरणिकेत दिसलंच. जे घडलं त्यात देव होता की नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. माझ्यासारख्याच्या वाट्याला तो का यावा, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

केंदूर आणि पाबळच्या मधे, रस्त्यापासून आत आमची वस्ती. घर खाऊनपिऊन सुखी, विहिरीला पाणी, आणि यात्रेत नाथांच्या पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. दत्ता माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तीन वर्षांचा असताना ताप आला आणि पोलिओनं दोन्ही पाय वाळले. बेअरिंगची चाकं लावलेली एक फळी आम्ही सुताराकडून करून घेतली होती. दोन हातांत लाकडाचे ठोकळे धरून तो ती ढकलत फिरायचा. तेव्हा आमच्याकडं विजेचा दाब कधी धड नसायचा. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळायची, मग ती गाडीत घालून शिक्रापूरला न्यायची, आठ-आठ दिवस वाट बघायची, तोवर उभं पीक माना टाकायचं. एका उन्हाळ्यात दत्तानं जळकी मोटार गोठ्यात घेऊन उघडली. आतली काळी पडलेली तांब्याची तार त्यानं एकेक वेढा मोजत सोडवली, कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत गेली ते कोळशानं भिंतीवर काढलं आणि नवी तार तशीच परत भरली. मोटार चालू झाली. पुढच्या दोन वर्षांत आसपासच्या सगळ्या मोटारी आमच्या गोठ्यात यायला लागल्या. तो तेव्हा सत्तावीसचा असेल. दत्ता काम करताना गुणगुणतो हे घरात कुणाला माहीत नव्हतं. ते त्या दोन वर्षांत कळलं.

ही बातमी पाबळला, तंत्रशिक्षणाच्या शाळेत पोचली. तिथले एक मास्तर सायकलवरून आले. दत्ता तेव्हा मळ्यात होता. मास्तरांनी गोठ्याची भिंत पाहिली, कोळशाच्या खुणांवरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "असा हात मी बघितला नाही. पाय नसले तर नसू देत, आमच्याकडं राहायची सोय आहे. एक वर्ष द्या मला हा माणूस. उद्याच पाठवा."

त्या वर्षी मी गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनपदाला उभा होतो. विरोधी पार्टी बोलतच होती, की अधू भावाचा हिस्सा दाबून हा मोठा झालाय. दत्ता आमच्या ओसरीवर बसलेला दिसत होता, ताटाला ताट लावून माझ्याबरोबर जेवत होता, तोवर त्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर होतं. तो घराबाहेर पडून दुसऱ्यांच्या जळक्या मोटारी भरायला लागला, की पालखीच्या मानकऱ्यानं लंगड्याला कामाला जुंपलं, असं गाव म्हणणार. आमच्यात हे असंच मानतात. अधू माणसाला बसवून खायला घालणं हा घराचा मोठेपणा आणि त्यानं काम करणं ही बेअब्रू. मी मास्तरांना म्हणालो, "आमच्या घरात बसून खायला काही कमी नाही." ते आणखी दोनदा आले. तिसऱ्या वेळी मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पाबळहून माणूस आला होता हे दत्ताला कुणीतरी सांगितलं. संध्याकाळी मी बैलांना वैरण टाकत होतो, तेव्हा तो फळी ढकलत आला. "दादा, काय म्हणलं मास्तर?"

मी मागं वळून बघितलं नाही. म्हणालो, "म्हणलं, हे गावठी काम हाय. आमच्यात पायानं धड माणूस लागतो. असल्याला घेत न्हाई."

फळीच्या चाकांचा आवाज घराकडं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली अवजारं पोत्यात बांधून माळ्यावर टाकायला लावली. कुणी मोटार घेऊन आलं तर "मला न्हाई जमत" म्हणून परत लावायचा. निवडणूक मी जिंकलो. मिरवणुकीत त्याला गुलाल लावून जीपमध्ये माझ्या शेजारी बसवलं होतं. लोक म्हणत होते, भाऊ असावा तर असा. त्या दिवसाचा फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. त्यात सगळे हसताहेत, दत्ता सोडून, आणि इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

अकरा वर्षं तो ओसरीवर बसला. मग एका सकाळी झेंडू घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याला म्हणाला, मला बी घ्या. गेला तो गेला. दौंडकडं कुठंतरी दिसला असं एकदा कानावर आलं. मी चौकशी केली नाही. कुणी विचारलं तर सांगायचो, मावशीकडं असतो, त्याला तिकडचं हवापाणी मानवतं. पुढं विचारणारेही थांबले.

तीन वर्षांपूर्वी देवपूजा करताना माझ्या हातातून तांब्या गळून पडला आणि त्याच्यामागून मीही पडलो. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. दवाखाना, मालिश, सगळं झालं. काही महिन्यांनी काठीच्या आधारानं पाय ओढत चालायला लागलो, बोलणं मात्र दारू प्यायल्यासारखं तोतरं राहिलं. घरच्यांनी माझी काळजी घेतली, हे मला लिहिलंच पाहिजे. ओसरीवर मऊ खुर्ची टाकली. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, आणि दिवसभर कुणी काही विचारायचं नाही. एकदा भुईमुगाच्या शेंगांचं घमेलं शेजारी होतं. डाव्या हातानं आणि दातानं मी शेंगा फोडायला लागलो. सूनबाई धावत आल्या, घमेलं उचललं. "असू द्या आबा, तुम्ही बसा निवांत. कुणी बघितलं तर म्हणंल, म्हाताऱ्याला बी कामाला लावलं ह्यांनी."

त्यांचं काही चुकलं नाही. त्या आमच्याच घरात शिकल्या होत्या.

त्या दिवसापासून नाथांशी माझं भांडण सुरू झालं. साठ वर्षं रविवारी देवळात गेलो होतो, ते बंद केलं. खुर्चीतून देवळाचा कळस दिसायचा, त्याच्याकडं पाठ करून बसायचो. मनात एकच घोकायचो, एक तर ने, नाहीतर कशाला तरी लाव. ही प्रार्थना होती असं मला तेव्हा वाटलं नाही. तो संताप होता, आणि त्या संतापात आपण दत्ताचेच शब्द बोलतोय, जे तो कधी बोललाच नाही, हेही कळत नव्हतं.

यवतच्या पुढं एका वाडीत लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात, असं ऐकून होतो. माझा मुलगा बाळासाहेब नेतो-नेतो म्हणत होता, त्याला वेळ होत नव्हता. एक दिवस घरचे सगळे लग्नाला गेले. मी काठी घेतली, रस्त्यावर आलो आणि मिळेल त्या वाहनानं शिक्रापूर, तळेगाव, राहू करत यवतला उतरलो. औषधासाठी निघालो होतो की त्या खुर्चीपासून पळून, हे आता सांगता येणार नाही. स्टँडबाहेर रस्ता ओलांडताना पाय अडकला आणि मी तोंडावर आपटलो. धोतर ओलं झालं. उठवा म्हणून ओरडलो, पण तोंडातून नुसती बडबड निघाली.

"सकाळसकाळीच लावली म्हाताऱ्यानं," कुणीतरी म्हणालं.

"नका हात लावू, अंगावर वकंल."

माणसं मला वळसा घालून जात होती. त्यात एक बाई थांबली. पन्नाशीची, अंगावर व्हार्निशचे डाग पडलेला शर्ट साडीवर घातलेला. लोक तिला काहीबाही सांगत होते, तिनं कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. नंतर कळलं की सुनंदा जन्मापासून बहिरी आणि मुकी आहे. लोक मला काय म्हणत होते ते तिला ऐकूच आलं नव्हतं. तिनं माझ्या तोंडाचा वाकडा कोपरा बघितला, उजवा हात उचलून सोडून दिला, तो पडला तसं मान हलवली. मग मोटारी वाहायचा हातगाडा आणला, एका रिक्षावाल्याला खुणेनं दमात घेऊन मला त्यावर चढवलं आणि ढकलत तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. तिथं पाणी होतं, टेकायला बाज होती, एवढाच तिचा विचार.

यवतला माणसं पुष्कळ आहेत आणि दुकानंही. मी एवढंच लिहितो की तिनं मला ज्या दुकानात नेलं, तिथं जमिनीलगत, चाकाच्या फळीवर, पांढऱ्या केसांचा एक माणूस मोटारीच्या खाचेत तारेखालचा कागद सरकवत बसला होता. त्यानं मान वर केली. मी ओळखलं आणि त्यानंही ओळखलं. त्यानं हातातला कागद पूर्ण आत सरकवला, बोटानं दाबून नीट बसवला आणि मग विचारलं, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

मी "दत्ता" म्हणायचा प्रयत्न केला.

कोपऱ्यात गुलाबमामा बसले होते. ते आंधळे; बेअरिंग कानाजवळ फिरवून खराब कुठलं, चांगलं कुठलं ते सांगायचं काम त्यांचं. त्यांनी विचारलं, "वळखीचं हाय का रं कोण?"

"हाय की," दत्ता म्हणाला. "लई मोठं घराणं हाय, मामा. ह्यांच्यात समदी बसून खात्यात."

सुनंदानं मला धुवून-पुसून दुसरं धोतर दिलं. दत्तानं माझ्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून बाळासाहेबाला फोन केला. "तुमचा म्हातारा हितं हाय. या सांच्याला. घाई न्हाई." मग फळी ढकलत माझ्यासमोर आला. "पाव्हणं, हितं रिकामं कुणी बसत न्हाई. हात चालतो का एखादा?"

"डावा."

"मग फिरवा हे."

वेटोळी गुंडाळायचं ते हातयंत्र होतं. दांडा फिरवला की लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत जाते. एका वेटोळ्याला चव्वेचाळीस फेरे, एक जास्त नाही, एक कमी नाही. आजारानंतर माझ्या डोक्यात आकडे टिकत नसत. बारा-तेराच्या पुढं घसरायचे. दोनदा चुकलो. गुलाबमामांना माझ्या श्वासावरून कळलं असावं. "आकडं सोडा, आबा. तुमचा देव कोण? त्याचं नाव घ्या दर फेऱ्याला. दहा झालं की वाटीत एक नट टाका. चार नट आन् वर चार नावं. मी बी असंच करतो, मला कुठं दिसतंय?"

मी नाथसाहेब, नाथसाहेब म्हणत दांडा फिरवायला लागलो. वेटोळं पूर्ण झालं. दत्तानं ते बोटांनी चाचपलं आणि म्हणाला, "दोन कमी हायती. सोडा." पुन्हा गुंडाळलं. तिसऱ्या वेळी त्यानं ते सरळ मोटारीत बसवलं. साठ वर्षं मी नाव घेतलं होतं. माळेवर, मनात, लोकांसमोर मोठ्यानं. एक नाव चुकलं तर कुणाची तरी मोटार जळेल, कुणाचं तरी रान वाळेल, असं नाव पहिल्यांदाच घेतलं. दुपारपर्यंत माझा खांदा भरून आला, आणि आजारपणात न आलेलं रडू मला तिथं आलं. सुनंदानं बघितलं. ती हसली आणि माझ्या पुढ्यात तारेचं दुसरं रीळ ठेवलं.

संध्याकाळी मुलगा न्यायला आला तेव्हा मी म्हणालो, मी इथंच राहणार. तो कळवळला. "आबा, लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, म्हणू दे. घरी नेल्यावर दोन दिवस जेवलो नाही, तेव्हा घरच्यांनी ऐकलं. सोमवार ते शनिवार दुकानामागच्या खोलीत, रविवारी घरी. दत्तानं नकार दिला नाही, या असंही म्हणाला नाही. आजतागायत तो मला पाव्हणंच म्हणतो.

तिथं राहून मला कळलं, की मी त्याच्यापासून काय हिरावलं होतं. शेतकरी मोटार घेऊन येतात आणि गुलाबमामांच्या निकालाची कोर्टात उभं राहिल्यासारखी वाट बघतात. सुनंदाला तिच्या घरी चाळीस वर्षं नाव नव्हतं, मुकी म्हणायचे. इथं माणसं दारातून विचारतात, सुनंदाबाई हायत का? लग्नाची पत्रिका तिच्या नावानं वेगळी येते. दुपारी सगळ्यांच्या भाकरी एका फडक्यावर येतात आणि सुनंदाच्या ठेच्यावरून रोज भांडण होतं. दत्ता मधेमधे गुणगुणतो. हे सगळं आमच्या वस्तीवर, माझ्या गोठ्यात, चाळीस वर्षांपूर्वी होऊ शकलं असतं.

आणि दर नव्या माणसाला दत्ता एकच गोष्ट सांगायचा. कुणी लाजत, चाचरत आलं की म्हणायचा, "मला पाबळला नापास केलेलं. पायानं धड न्हाई म्हणून. म्हणून काय मी मेलो का? ये, बस." माझ्या खोट्यावर त्यानं आख्खा जन्म उभा केला होता. ते काढून घेतलं तर त्याच्याखाली काय राहील, याची मला भीती वाटायची. ही भीती त्याच्यासाठी होती असं मी स्वतःला सांगायचो. ती माझ्यासाठी होती. मला तिथून हाकलतील, पुन्हा त्या खुर्चीत जावं लागेल, एवढीच होती.

मग ती स्मरणिका आली. मी मुलाला फक्त एवढं सांगितलं होतं, की नाथांनी मला दत्तापाशी नेलं. बाकी त्यानं आणि कमिटीनं रचलं. छापण्याआधी मला वाचून दाखवलं तेव्हा मी मान डोलावली. दत्तानं जेवताना चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं. "पायांवर उभं कर म्हणं! नाथसाहेबांला बी माझं पाय ठावं न्हाईत व्हय, मामा?" गुलाबमामा ठसका लागेपर्यंत हसले. मी खाली बघून भाकरी मोडत राहिलो. तेव्हाच बोलायचं होतं. नाही बोललो.

महिनाभरानं राहूकडची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. ऋतुजा नाव, एकोणीस वर्षांची, एक पाय लहानपणापासून आखूड. मोबाईल, रेडिओ, काहीही उघडून बसते म्हणून आईच्या डोक्याला ताप झाला होता. कुणीतरी त्यांना पाबळच्या शाळेचं नाव सांगितलं होतं. आधी दत्तामामांना विचारू म्हणून इथं आल्या होत्या.

दत्ता म्हणाला, "नगं. तिकडं आपल्यासारख्याला घेत न्हाईत. पोरगी हिरमुसंल. त्यापरास घरीच राहू द्या, वर्षभरानं मी बघतो हितं."

मुलीनं मान खाली घातली. चाळीस वर्षांपूर्वी गोठ्यात मी मागं वळलो नव्हतो, म्हणून मला ती मान दिसली नव्हती. आता समोरच होती. माझा दांडा थांबला. मी म्हणालो, "दत्ता, त्यांनी तुला नाकारलं नव्हतं."

माझी जीभ जड. प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. मास्तर आले, भिंत बघितली, तीन वेळा आले, मी परत लावलं, तुला खोटं सांगितलं, निवडणुकीसाठी, लोकांसाठी. सगळ्यांचे हात थांबले होते. काहीतरी मोठं घडतंय हे सुनंदाला कळलं. तिनं दत्ताचा खांदा हलवला, काय म्हणतात, सांग. दुकानात सुनंदाला प्रत्येक गोष्ट सांगायचीच, हा त्याचा स्वतःचा नियम. त्यानं हात वर उचलले आणि मी बोलेन ते तिला खुणांनी सांगायला लागला. पाबळ. मास्तर. ये म्हणाला. ह्यानं नको म्हटलं. मला खोटं सांगितलं. त्याच्याच आयुष्याची गोष्ट त्याच्याच हातांनी त्याला सांगावी लागली, आणि तेही मीच त्याच्यावर आणलं. 'मला' म्हणताना त्याचं बोट छातीवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

मग त्यानं विचारलं, "मास्तर काय म्हणलं हुतं? त्याचं शब्द सांगा."

"असा हात मी बघितला नाही, म्हणाले. उद्याच पाठवा."

"उद्याच?"

"उद्याच."

त्यानं ते सुनंदाला सांगितलं नाही. ते त्यानं स्वतःकडं ठेवलं. मग मोटारीकडं वळला आणि मुलीच्या आईला म्हणाला, "सोमवारी या. मी येतो संगं."

सोमवारी मोटारी पोचवणाऱ्या टेम्पोत आम्ही पाबळला गेलो. दत्ता, ती मायलेकरं आणि मी. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, मी चढून बसलो. वाटेत आमच्या वस्तीचा फाटा आला तेव्हा त्यानं तिकडं बघितलं नाही. शाळेच्या फाटकाशी एक तरुण शिक्षिका भेटली. तिनं ऋतुजाची चौकशी केली, कागद बघितले, घेऊ म्हणाली, राहायची सोय आहे म्हणाली. किती सोपं होतं ते. मग फळीवर बसलेल्या दत्ताकडं बघून तिनं विचारलं, "आणि तुम्ही, काका?"

दत्ता म्हणाला, "मला बी बोलावलं हुतं. यायला उशीर झाला."

तिला वाटलं, आजच्याबद्दल बोलतोय. हसून म्हणाली, "अहो, काही उशीर नाही. वर्कशॉप अजून अर्धा तास चालू आहे, या ना आत."

तो आत गेला. मी फाटकाबाहेर दगडावर बसलो. आत जायचा हक्क माझा नव्हता. आतून घणाचे, ग्राइंडरचे आवाज येत होते. मग मुलांचा हशा, मग त्याचा आवाज, "आरं असं नगं धरू, तार दुखावती." मी हात जोडायला गेलो, एकच वर आला. तसाच कपाळाला लावला. मास्तर कधीच वारले असं तिथंच कळलं. त्यांच्यासाठी की नाथांसाठी, कुणासाठी तो हात लावला, माहीत नाही.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. तो बाहेर आला तेव्हा दोन्ही हात काळे होते. माझ्यापुढं थांबला आणि म्हणाला, "पाणी हाय का, पाव्हणं?" मी पिशवीतली बाटली काढली, दातानं टोपण फिरवलं आणि डाव्या हातानं त्याच्या हातांवर धार धरली. धार नीट धरता येईना, निम्मं पाणी मातीत गेलं. तो बाटली घेऊ शकला असता. त्यानं घेतली नाही, हात पुढं धरून राहिला, बाटली रिकामी होईपर्यंत.

त्यानं मला क्षमा केलेली नाही. करीन असंही म्हटलेलं नाही आणि मी विचारणार नाही. देवाच्या पायांवर डोकं ठेवलं की सगळं फिटतं, असं मी आयुष्यभर समजत आलो. त्यात माझी सोय होती. आता वाटतं, शरण जायचं म्हणजे आपलं खरं ज्याचं त्याच्या हातात देऊन टाकायचं आणि उत्तराची मागणी न करता समोर बसायचं. उत्तर येईल, न येईल, कडू येईल. रागाच्या भरात मी नाथांकडं मागितलं होतं, कशाला तरी लाव. त्यांनी लावलं. एवढं मला पुष्कळ आहे. हे लिखाण कमिटीनं छापायचं नाकारलं, म्हणून इथं पाठवलं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओसरीवर कुणाला बसवून ठेवलं असेल, तर त्याला एकदा विचारा, की तुला काय करावंसं वाटतं. आणि उत्तर ऐकताना तोंड त्याच्याकडं असू द्या.